दादासाहेबांचे त्रेचाळीस युरो

आमच्या दादासाहेबांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही बिल जसंच्या तसं पास केलं नाही. चाकणला आमची कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवायची. दादासाहेब परचेसला, म्हणजे खरेदी खात्यात, आणि मी, बुद्धरत्न, म्हणजे त्यांचा रत्ना, स्टोअरला. त्यांनी घासाघीस करून घेतलेला माल मी मोजून आत घ्यायचा, अशी आमची वाटणी. एखाद्या पार्टीने अठ्ठेचाळीस हजार सहाशे वीस रुपयांचं बिल लावलं की दादासाहेब लाल पेनाने सहाशे वीसवर काट मारायचे आणि म्हणायचे, "शेपूट कशाला? राउंड फिगर करा." सहाशे वीस रुपयांसाठी भांडायला कुणी परत चाकणपर्यंत येत नाही, हा त्यांचा शोध. या शोधावर कंपनीचे किती लाख वाचवले, तो आकडा ते सांगायचे. दर वर्षी तो थोडा वाढायचा.

शेपटाखालोखाल त्यांचा जीव भाड्यावर. टेम्पोचं भाडं असो, हमाली असो, टोल असो, ते समोरच्याकडे. परचेसला नवीन आलेल्या पोरांना ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुमचा गैरसमज होईल. कुणाचा एक रुपया त्यांनी खिशात घातला नाही. दिवाळीला पार्टीकडून मिठाईचा बॉक्स आला तर तो शिपायांत वाटून मोकळे. परचेसला राहून हात कोरडे ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पण वाचवायची सवय लागली की माणूस काय वाचवतोय ते बघत नाही, वाचलं एवढंच बघतो.

घर मूळचं पिंपळे सौदागरचं. वडिलांची जमीन बिल्डरला गेली आणि बदल्यात चार फ्लॅट आले. म्हणजे रिटायर झाल्यावर पैशाची ददात नव्हती. ददात असती तर ही गोष्ट निदान समजण्यासारखी झाली असती.

साधनावहिनींचा डावा कान लहानपणीच गेलेला. गोवराचं निमित्त झालं म्हणतात. पुढचा सगळा संसार त्यांनी उजव्या कानावर केला. गेल्या उन्हाळ्यात त्या उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली, चक्कर यायला लागली. तपासणीत निघालं, ऐकण्याच्या नसेवरच गाठ आहे. कर्करोगाची नव्हे, पण वाढणारी.

पुण्यातले डॉक्टर सरळ माणूस. ते म्हणाले, "गाठ मी काढीन, जिवाला फारसा धोका नाही. पण कान वाचेल असं मी सांगू शकत नाही. यांना दुसरा कान असता तर मी तुम्हाला कुठेही पाठवलं नसतं." मग त्यांनी जर्मनीतल्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. ते म्हणे दर आठवड्याला हेच ऑपरेशन करतात आणि त्यांच्या हातून बरेच कान वाचतात. "मात्र लवकर जा," डॉक्टर म्हणाले. "ऐकू येतंय तोवरच वाचवण्यासारखं काही आहे."

दादासाहेबांनी एक फ्लॅट विकायला काढला. तिथे त्यांनी क्षणभरही विचार केला नाही, हेही त्यांच्या खात्यावर जमा करायला हवं.

वहिनी रडल्या नाहीत. त्या तयारीला लागल्या. समोरच्याच्या ओठांकडे पाहून बोलणं ओळखायचा त्यांनी सराव सुरू केला. टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायच्या. माझं बोलणं त्यांना पंधरा दिवसांत कळायला लागलं. नवऱ्याचं मात्र काही केल्या कळेना, कारण दादासाहेबांच्या मिशा अशा की वरचा ओठ गेल्या चाळीस वर्षांत कुणी पाहिलेला नाही.

"कडा तरी कापा," वहिनी म्हणाल्या. "कान गेला तर मी तुमचं बोलणं कुठनं वाचू?"

"मिशीला हात लावायचा न्हाई," दादासाहेब म्हणाले. "आन् कान जायचा न्हाई."

ऑगस्टच्या सुरुवातीला हॉस्पिटलचं पत्र आलं. ऑपरेशन बावीस सप्टेंबरला. एकवीस हजार चारशे युरो आगाऊ भरायचे. पाच सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी बारापर्यंत पूर्ण रक्कम जमा झाली नाही तर तारीख यादीतल्या पुढच्या पेशंटला जाईल. पैसे बँकेतून पाठवा किंवा हॉस्पिटलच्या काउंटरवर येऊन भरा. त्यानंतरची मोकळी तारीख डिसेंबरात. असं साधं, स्वच्छ पत्र. मी दोनदा वाचलं. दादासाहेबांनी एकदाच वाचलं आणि विचारलं, "पैसं पाठवायला बँक किती घेती?"

झालं. रिटायर होऊन तीन वर्षं गंजत पडलेलं परचेस खातं त्या दिवशी पुन्हा उघडलं. तीन कोटेशन मागवली. एक त्यांची स्वतःची बँक, एक दुसरी बँक, आणि निगडीत परदेशी चलन बदलून देणारी एक कंपनी. आखीव कागदावर तीन रकाने पाडले. फी किती, युरोचा भाव किती, त्यावर कर किती. रोज सकाळी फोन करून भाव विचारायचा, रोज रकाना बदलायचा. वहिनी म्हणायच्या, "भरून टाका की एकदाचं." हे म्हणायचे, "थांब, अजून खाली येतील."

आणि खरं सांगायचं तर त्यांनी एक गोष्ट बरोबर पकडली. बँका वरची फी पाचशे-हजार दाखवतात आणि खरे पैसे युरोच्या भावात काढून घेतात. बाजारात युरो शंभरला असला तर आपल्याला एकशे दोनला लावतात. एकवीस हजार युरोंवर दोन-दोन रुपये म्हणजे बेचाळीस हजार झाले. दादासाहेबांनी तिघांना एकमेकांचे भाव सांगून तो फरक तीस पैशांवर आणला. मी बघत होतो. बँकेचा मॅनेजर शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, याच्या खाली मला नोकरी सोडावी लागेल." तिथे दादासाहेब थांबले असते तर त्यांचा सत्कार करायला मीच नारळ आणला असता.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. आम्ही फॉर्म भरायला बँकेत गेलो तो दिवस अठ्ठावीस ऑगस्ट. काउंटरला सायली नावाची मुलगी होती. शांत, हसरी, मागे रांग असली तरी न चिडणारी. सगळं भरून झाल्यावर ती म्हणाली, "काका, एक राहिलं. पैसे जाताना मधल्या बँका चार्ज घेतात. ते तुमच्याकडे, अर्धे-अर्धे, की घेणाऱ्याकडे?"

"आमच्याकडं घेतलं तर किती?"

"अंदाजे अठराशे रुपये."

"आन् घेणाऱ्याकडं?"

"मग तुम्हाला काही नाही. पण काका, तेवढे कापूनच रक्कम पोचेल. हॉस्पिटलला पूर्ण हवी असेल तर तुमच्याकडेच घ्या. मी तेच सुचवेन."

दादासाहेबांनी पेन खाली ठेवलं. मला माहीत होतं आता काय येणार. "पोरी, तुझं वय काय? एकवीस लाखाचं गिऱ्हाईक हाय मी. दुकानदार गिऱ्हाईकाला अठराशे रुपयांसाठी दारातनं माघारी लावतो का? भाडं कायम समोरच्याकडं. हे लिहून ठेव, आयुष्यात कामाला येईल." आणि त्यांनी तिसऱ्या चौकोनात खूण केली. सायलीने खुणेशेजारी सही करायला सांगितली. त्यांनी झोकदार सही केली.

मी शेजारीच उभा होतो. बोललो नाही. स्टोअरचा माणूस परचेसच्या कामात बोलत नाही, ही आमची शिस्त. नोकरी सुटली तरी शिस्त सुटली नव्हती, आणि त्याचा मला आजही राग येतो.

बाहेर येऊन त्यांनी मला चहा पाजला. "हा चहा जर्मनांकडनं," म्हणाले. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी लांबलचक मेसेज टाकला. परदेशात उपचारांसाठी पैसे पाठवताना फी कशी वाचवावी. मुद्दा चौथा, मधले चार्जेस नेहमी हॉस्पिटलच्या गळ्यात घालावेत. पंचावन्न जणांनी अंगठे दाखवले.

मंगळवारी, गौरी-गणपती बोळवून लोक घरी परतत होते तेव्हा जर्मनीहून मेल आला. लिहिणारी हॉस्पिटलच्या परदेशी पेशंट विभागातली एक बाई. आपले एकवीस हजार तीनशे सत्तावन्न युरो मिळाले, त्रेचाळीस कमी आहेत, कृपया शुक्रवारी बारापर्यंत पूर्ण करावेत.

दादासाहेब हसले. "बघ रत्ना, शेपूट. त्रेचाळीससाठी मेल लिहीत बसली बाई." त्यांनी उत्तर लिहिलं, की किरकोळ फरक शेवटच्या बिलात समायोजित करावा. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर हजारो पार्ट्यांना लिहिलं होतं आणि हजारो पार्ट्या त्यावर गप्प बसल्या होत्या. बाईंचं उत्तर दोन तासांत आलं. तेच वाक्य, त्रेचाळीस कमी आहेत, शुक्रवारी बारापर्यंत. बुधवारी यांनी दुसरा मेल लिहिला, त्यात दीर्घकालीन संबंध वगैरे शब्द घातले. आता ऑपरेशन काय दर तिमाहीला करायचं होतं? बाईंनी पत्रातली अट उतरवून पाठवली आणि खाली शुभेच्छा दिल्या. तिसऱ्या मेलमध्ये यांनी हॉस्पिटलच्या वरिष्ठांचं नाव मागितलं. बाईंनी नाव दिलं, पुन्हा अट उतरवली, पुन्हा शुभेच्छा.

माझी खात्री झाली की त्या बाई तिकडच्या दादासाहेबच आहेत. फरक इतकाच, की या वेळी गरज आमची होती.

गुरुवारी दुपारी चौथा मेल आला. यादीतल्या पुढच्या पेशंटला तयार राहायला सांगितलं आहे, एवढंच त्यात होतं. तो मेल वाचताना दादासाहेबांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. आम्ही माझ्या स्कूटरवरून बँकेत पोचलो. सायलीने सगळं ऐकलं, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाली, "काका, आत्ता पाठवले तरी सोमवार-मंगळवार उजाडेल. मध्ये शनिवार-रविवार आहे." ती 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर दादासाहेबांनी तिच्याशी भांडून तरी घेतलं असतं.

ते बँकेच्या पायरीवर बसले. गणपतीची गर्दी समोरून चालली होती, ढोल वाजत होते. "रत्ना, ती सकाळी इचारत व्हती, तारीख पक्की ना म्हणून," ते म्हणाले. "मी व्हय म्हणालो. रोज इचारती, रोज व्हय म्हणतो. डिसेंबरपर्यंत तिचा कान ऱ्हाईल का?"

मला काय ठाऊक. मी म्हणालो, सोसायटीत विचारा, कुणाचा ना कुणाचा मुलगा जर्मनीत असेलच, काउंटरवर भरून टाकील. ते म्हणाले, "ग्रुपवर काय लिहू? मुद्दा चौथा रद्द?" तेव्हा मला आठवलं ते सांगावं की नाही याचा मी मिनिटभर विचार केला. मग सांगितलं. लालमहंमदचा मुलगा कामरान त्याच हॉस्पिटलच्या शहरापासून तासाभरावर कारखान्यात आहे.

दादासाहेब उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

लालमहंमदची कासारवाडीत स्टेशनजवळ फॅब्रिकेशनची शेड आहे. पार्ट ठेवायच्या लोखंडी ट्रॉल्या तो आमच्या कंपनीला बावीस वर्षं पुरवत होता. काम असं, की त्याची वेल्डिंग सुटलेली मला एकदाही परत पाठवावी लागली नाही. आणि परचेसच्या लाल पेनाने ज्याच्या बिलांची सगळ्यात जास्त शेपटं कापली, तो हाच. पैसे नव्वद दिवसांनी, तेही चार चकरांनंतर. पार्ट्यांना भेटायची वेळ मंगळवार-शुक्रवार, तीन ते पाच, आणि बसायला गेटबाहेरचं लोखंडी बाकडं, जे लालमहंमदनेच बनवून दिलेलं होतं. स्टोअरचा म्हणून माझं त्याच्याशी जमायचं. त्याच्याकडे चहाला मी अजून जातो. दादासाहेब त्याच्या शेडमध्ये कधी गेले नव्हते. खरेदी करणारा विकणाऱ्याच्या दारात जात नाही.

आम्ही गेलो तेव्हा लालमहंमद वेल्डिंग करत होता. त्याने मास्क वर करून पाहिलं, दादासाहेबांना ओळखलं, मास्क खाली घेतला आणि उरलेला सांधा पुरा केला. पाच-सात मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ आम्ही उभेच होतो. दादासाहेबांनी तक्रार केली नाही.

"साहेब, तुमी? बसा." त्याने दोन स्टुलं पुढे केली. दादासाहेबांनी सांगायला सुरुवात केली, पण त्यांना सवय ऐकवायची होती, मागायची नव्हती. ते पत्रापासून, भावापासून, तीस पैशांपासून सुरू झाले. लालमहंमद हात पुसत ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "कमी किती पडलं?"

"त्रेचाळीस युरो."

"म्हंजे चार हजार तीनशे-चारशे. त्याच्यासाठी वहिनींची तारीख चाललीय?"

"व्हय."

लालमहंमद हसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो. त्याने फोन काढला आणि कामरानला लावला. स्क्रीनवर टोपी घातलेला कामरान दिसला, मागे मशीन. बापलेकांचं दोन मिनिटं बोलणं झालं. त्याची शिफ्ट सकाळचीच होती. हॉस्पिटलचं काउंटर उघडायच्या वेळेला तो कामावर असणार. म्हणजे सुट्टी टाकावी लागणार होती, आणि सुट्टी संपलेली, म्हणजे पगार कापला जाणार.

इथे दादासाहेबांनी जे केलं ते फक्त दादासाहेबच करू शकतात. त्यांनी खिशातून कागद काढला आणि विचारलं, "त्याचा एक दिवसाचा पगार किती? आन् रेल्वेचं तिकीट? सांग, मी लिहून घेतो."

"कोटेशन मागताय का साहेब?" लालमहंमद म्हणाला.

दादासाहेबांनी कागद खिशात घातला.

"एक सांगू? आता तुमी बी परचेसला न्हाई आन् माझं बिल बी तुमच्याकडं न्हाई, म्हणून सांगतो," लालमहंमद म्हणाला. "तुमी शेपूट कापणार हे ठाऊक व्हतं. म्हणून मी लावूनच द्यायचो. पन्नास हजाराची ट्रॉली असली की वर दोन हजार आठशे ठेवायचो. तुमी आठशे कापायचे, दोन हजार मला उरायचे. तुमी खूश, मी खूश. एकदाच इसरलो, खरा भाव लिहिला. त्या साली मार बसला."

"कुठल्या साली?" दादासाहेबांनी विचारलं.

"जाऊ द्या. वहिनींच्या कामात ते आणत न्हाई." त्याने फोन पुन्हा कानाला लावला. "कामरान, सकाळची पहिली गाडी धर. बारा वाजायच्या आत, हां. पावतीचा फोटो टाक."

परतताना दादासाहेब स्कूटरवर माझ्या मागे बसले. एकतीस वर्षं ज्या लाखांचा आकडा सांगत आले, तो आता त्यांना पुन्हा मांडावा लागणार होता. मला वाटलं तेच डोक्यात चाललं असेल. पण तसं नव्हतं. पहिल्याच सिग्नलला ते म्हणाले, "गाडी चुकली त्याची, तर?"

शुक्रवारी दुपारी दोन वाजता मी त्यांच्या घरी गेलो. तिकडचे बारा म्हणजे आपले साडेतीन. दार दादासाहेबांनीच उघडलं आणि मी क्षणभर ओळखलं नाही. मिशा सफाचट. चाळीस वर्षं उन्हाने न पाहिलेला वरचा ओठ पांढराफटक, आणि त्याखाली बिचारा माणूस. आतून वहिनींचं हसणं ऐकू येत होतं. "सकाळी उठले आन् वस्तरा घेतला," त्या म्हणाल्या. "काय झालं म्हणून इचारलं, तर म्हणाले, तुला आवडत न्हाई ना. एवढ्या वर्षांनी आठवलं." त्या पुन्हा हसल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं, आणि मला तिथे उभं राहवेना. त्रेचाळीस युरो पोचले नाहीत तर बायकोला आपलं बोलणं निदान वाचता यावं, एवढीच तरतूद त्या माणसाने स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

दोन चाळीसला लालमहंमदचा फोटो आला. पावती, खाली शिक्का, त्रेचाळीस. तिकडे अकरा दहा झाले होते. त्यापाठोपाठ त्या बाईंचा मेल. रक्कम पूर्ण, तारीख कायम, शुभेच्छा. दादासाहेबांनी फोन माझ्या हातात दिला आणि बाथरूममध्ये गेले. बराच वेळ नळ चालू होता. एरवी पाणी असं वाया गेलेलं त्यांनी सहन केलं नसतं.

बावीसला ऑपरेशन झालं. गाठ निघाली, कान राहिला. पूर्वीपेक्षा थोडा मंद, पण राहिला. डॉक्टर म्हणाले, गाठ नसेला चिकटायला लागली होती, आणखी दोन-तीन महिने गेले असते तर सांगता आलं नसतं. दादासाहेबांनी हे मला फोनवर सांगितलं आणि लगेच हवापाण्याकडे वळले.

परत आल्यावर ते कासारवाडीला गेले. चार हजार तीनशे शहाऐंशी रुपये मोजून नेले होते, शिवाय कामरानच्या पगाराचं आणि तिकिटाचं पाकीट वेगळं. पाकिटाला लालमहंमदने हात लावला नाही. चार हजार तीनशे शहाऐंशी मात्र घेतले, मोजले, आणि तीनशे शहाऐंशी परत केले. "राउंड फिगर, साहेब," म्हणाला.

तुम्हाला वाटेल, माणूस सुधारला. छे. दिवाळी उलटेपर्यंत दादासाहेब सोसायटीत परदेशी उपचारांचे सल्लागार झाले. कुणाची आई गुडघ्यासाठी बँकॉकला निघाली, कुणाचा भाऊ इस्तंबूलला, की ते यांच्याकडे. हे तीन रकान्यांचा कागद पुढे करायचे. "भाव पाडून घ्या. आन् सगळं बँकेतनं पाठवू नका. थोडं तिकडं काउंटरवर भरायला ठेवा, त्याला फी न्हाई. आमी तसंच केलं." त्रेचाळीस युरो हे त्यांचं धोरण होतं, असं ऐकणाऱ्याला वाटायचं. ग्रुपवर मुद्दा चौथा गुपचूप बदलला गेला आणि त्यालाही अंगठे मिळाले.

वहिनींनी यावर एक सोय शोधली होती. नवरा फीवर बोलायला लागला की त्या दिवाणावर आडव्या व्हायच्या, चांगला कान उशीत. मग वर राहायचा तो बहिरा कान. भाषण कितीही लांबो.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी गेलो तेव्हा असाच एक जण सल्ला घेऊन उठत होता. वहिनींनी मला चहा दिला आणि त्या आडव्या झाल्या. तो माणूस गेला. दादासाहेबांच्या मिशा पुन्हा जागेवर आल्या होत्या, तरी चेहरा त्या शुक्रवारचाच वाटला. दाराकडे बघत ते म्हणाले, "रत्ना, ह्यांना सगळ्यांना मी खोटं सांगतो."

मी कप खाली ठेवला.

"हिला तर काहीच सांगितलं न्हाई. हिला वाटतं पैसं एका दमात गेलं, तारीख कधी हललीच न्हाई. ती सायली सांगत व्हती, पूर्ण पोचणार न्हाईत. मी तिलाच शिकवलं. अठराशे रुपयं, रत्ना. हिचा एकच कान, आन् मी तो अठराशेला लावला. फॉर्मवर सही हाय माझी." नजर अजून दाराकडेच. "कामरानची गाडी चुकली असती तर मी हिला काय सांगणार व्हतो? आन् सांगितलं असतं तरी हिला ऐकू कुठनं येणार व्हतं?" ते रडायला लागले, मोठ्या माणसाने रडावं तसं, आवाज दाबून, पण दाबला जात नव्हता.

मी नजर दुसरीकडे वळवली आणि ती दिवाणावर गेली. वहिनींच्या कानामागचा टाक्यांचा व्रण मला इथून स्पष्ट दिसत होता, गुलाबी, अजून ताजा. व्रण उजव्या कानामागे आहे. तो वर होता, उघडा. उशीत होता तो डावा.

मी दादासाहेबांना खूण करणार होतो, पण आता खुणेचा उपयोग नव्हता. त्यांनी उपरण्याने नाक पुसलं.

मग वहिनी हळूच वळल्या. पदर नीट केला, दुसऱ्या कुशीवर झाल्या, उजवा कान उशीत बेताने टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ऐकायचं ते ऐकलं मी. आता बुद्धरत्नभावजींना फी कशी वाचवायची ते सांगा."